दर्याची शिरगणती

धर्मग्रामाची सूत्रे हाती घेताना नव्या धर्मगुरूला चाव्यांच्या जुडग्याबरोबर एक जाडजूड वही मिळते. ती कुटुंबांची नोंदवही. कोणत्या घरात किती माणसे, कोणाचा स्नानसंस्कार केव्हा झाला, कोण सून होऊन आली, कोण नोकरीसाठी आखातात गेला, कोण निवर्तले, असा सारा तपशील तिच्यात असतो. सेमिनरीत आम्हाला शिकविणारे एक वृद्ध धर्मगुरू म्हणत, "प्रवचन एखाद्या रविवारी फसले तरी चालेल, पण वही कच्ची ठेवू नका." प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ उलगडला. 'आमच्या धर्मग्रामात नऊशे कुटुंबे आहेत' हा आकडा बिशपांच्या कार्यालयाला पुरतो. काम करणाऱ्याला पुरत नाही. कोळीवाड्यात किती, वाडीत किती, नव्या इमारतींत भाड्याने राहणारे किती, कोणत्या घरांत फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, हे ठाऊक नसेल तर तो आकडा मुका असतो. माणसांची संख्या आणि माणसांची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेली काही वर्षे मी अशाच एका नोंदवहीविषयी मिळेल ते वाचतो आहे. ती आहे समुद्रातल्या रहिवाशांची. पण माशांची नव्हे. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या, पाण्याच्या थेंबाथेंबात वस्ती करून राहिलेल्या सूक्ष्म जीवांची. या वाचनामागे दोन कारणे आहेत. एक तर माझा धर्मग्राम वसईच्या किनाऱ्यावर आहे आणि त्यातली अर्धी चूल दर्यावर पेटते. दुसरे म्हणजे माझी एक भाची गोव्यात समुद्रातील सूक्ष्मजीवांवर संशोधन करते. नाताळात घरी आली की ती मला 'फादरमामा, हे वाचा' म्हणून काहीबाही हाती देते आणि पुढच्या खेपेस परीक्षा घेते!

प्रथम आकड्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण या विषयात आकडेच कल्पनेला लाजवितात. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न तयार होते त्याचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रात तयार होतो. जमिनीवरची अरण्ये, कुरणे, भातशेते, आपल्या वसईच्या केळीच्या बागा, हे सारे मिळून उरलेला निम्मा. आणि तरी सर्व समुद्रांतल्या वनस्पतींचे एकूण वजन जगातल्या वनस्पतींच्या वजनाच्या शेकडा एक भागाइतकेही भरत नाही. कारण समुद्राची शेती वृक्षांची नाही. ती तरंगत्या एकपेशीय जीवांची आहे. ते आज जन्मतात आणि उद्या-परवा कुणाच्या तरी पोटात जातात. शिल्लक अशी राहतच नाही. ('आपल्या दर दुसऱ्या श्वासातला प्राणवायू समुद्राने दिलेला असतो,' असे वाक्य अलीकडे भाषणांतून फार ऐकू येते. ते ऐकायला गोड आहे, पण सैल आहे. समुद्रात तयार होणारा बहुतेक प्राणवायू समुद्रातले जीवच वापरून टाकतात. समुद्राची थोरवी सांगायला असल्या टाळ्यांच्या वाक्याची गरज नाही.)

या शेतकऱ्यांतला सर्वांत लहान आणि संख्येने सर्वांत मोठा जो आहे, त्याची ओळख माणसाला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झालेली नव्हती. त्याचे नाव प्रोक्लोरोकॉकस. एका मिलिमीटरच्या रेषेवर हे जीव ओळीने उभे केले तर दीड हजारांहून अधिक मावतील. सॅली चिझम, ज्यांना सारे पेनी म्हणतात, आणि रॉबर्ट ओल्सन हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रात एक यंत्र घेऊन गेले होते. त्या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. ते मुळात रक्तातल्या पेशी मोजण्यासाठी तयार झाले. एड्सच्या रुग्णांच्या रक्ततपासणीसाठी आजही मोठ्या रुग्णालयांत तेच वापरतात. पाण्याची बारीक धार त्यात सोडायची, एकेक पेशी लेसरच्या किरणासमोरून जाऊ द्यायची, आणि तिने परतविलेल्या प्रकाशावरून ती कोण हे ओळखायचे. या तपासणीत पडद्याच्या अगदी कडेला काही ठिपके दिसू लागले. इतके क्षीण की यंत्राचाच काही दोष असावा असे वाटावे. ते दोष नव्हते; हरितद्रव्य बाळगणारे जिवंत जीव होते. १९८८ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९९२ साली त्या जीवाचे बारसे झाले. आज असे मानतात की पृथ्वीच्या सुमारे ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण या पट्ट्यातल्या मोकळ्या समुद्रात त्याची वस्ती आहे, एका मिलिलिटर पाण्यात तो लाखाच्या संख्येने असू शकतो, आणि सर्व महासागरांतली त्याची एकूण संख्या लिहायची तर तीनावर सत्तावीस शून्ये द्यावी लागतात.

एवढा मोठा समाज इतकी वर्षे नजरेतून कसा निसटला? आमच्या कोळी बांधवांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जाळ्याचा आस जेवढा, तेवढीच मासळी हाती लागते. ॲलिस्टर हार्डी नावाच्या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने १९३१ पासून एक साधे पण अफलातून यंत्र मालवाहू जहाजांच्या मागे बांधून समुद्रातून ओढायला सुरुवात केली. आत रेशमाची लांब पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि प्रवासभर पाण्यातले तरंगते जीव तिच्यावर अडकत जातात. जहाज बंदराला लागले की पट्टी उलगडायची आणि कोणत्या ठिकाणी कोण होते ते वाचायचे. ते काम आजही चालू आहे. समुद्रातल्या जीवांची इतकी दीर्घ नोंद दुसरी क्वचितच असेल. पण त्या रेशमाची छिद्रे मिलिमीटरच्या चतुर्थांशाहून थोडी मोठी आहेत. प्रोक्लोरोकॉकसला ती म्हणजे महाद्वारेच. हार्डींविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. समुद्रातले जीव मोजण्यात हयात घालविलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये माणसांच्या धार्मिक अनुभवांचा अभ्यास करणारे केंद्र काढले. सामान्य माणसांकडून त्यांच्या अनुभवांची पत्रे मागवायची आणि प्लवकांची करावी तशीच त्यांची वर्गवारी करायची! पद्धत तीच, जाळे वेगळे. १९८५ साली त्यांना धर्मक्षेत्रातील कार्यासाठीचा टेम्पल्टन पुरस्कार मिळाला.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम गुराढोरांना, पाखरांना आणि वनपशूंना नावे देतो. नीट वाचले तर लक्षात येते की तिथे माशांचा उल्लेख नाही. पाण्यातल्या जीवांचे बारसे तेव्हा राहूनच गेले, असे मी गमतीने म्हणतो. ते काम आता संथपणे चालले आहे आणि मोठे विलक्षण आहे. १९९० साली स्टीफन जिओव्हानोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारगासो समुद्राच्या पाण्यातून एका जीवाणूचा केवळ जनुकीय धागा वेगळा केला. जीव पाहिलेला नाही, वाढविलेला नाही, फक्त त्याच्या असण्याची खूण हाती आलेली. प्रयोगशाळेत तो वाढवायला २००२ साल उजाडले. हा जीवाणू समुद्राच्या वरच्या थरातल्या सर्व पेशींत जवळजवळ चौथा हिस्सा भरतो असा अंदाज आहे. म्हणजे ज्याची ओळख सर्वांत उशिरा पटली, तोच घरातला सर्वांत जुना भाडेकरू!

पण नाव आणि संख्या एवढ्यावर नोंदवही पुरी होत नाही. जन्म आणि मृत्यू लागतात. प्रशांत महासागरात, हवाई बेटांतल्या ओआहूच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर एक ठिकाण आहे. खाली पावणेपाच किलोमीटर खोल पाणी, वर मोकळे आकाश, खूण म्हणावी तर नकाशावरचे दोन आकडे. त्याला 'स्टेशन अलोहा' म्हणतात. डेव्हिड कार्ल, रॉजर लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या ऑक्टोबरपासून तिथे साधारणतः दर महिन्याला जहाज नेऊन पाणी तपासण्याचा नेम सुरू केला. तापमान, क्षार, नत्र, स्फुरद, प्राणवायू, आणि वस्तीला कोण कोण आहे. बर्म्युडाजवळही त्याच वर्षी असेच काम सुरू झाले. अशा कामात गौरव फार नसतो. तीनशेव्या फेरीत काय नवे सापडले, असे कोणी विचारले तर उत्तर बहुधा 'काही नाही' असेच असेल. पण रोजची मिस्सा चुकवू नये तसे ते चालते, आणि बदल झाला की तो या न चुकलेल्या नोंदीमुळेच कळतो.

याच हवाईच्या पाण्यात संशोधकांना प्रोक्लोरोकॉकसची दिनचर्या सापडली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. दिवसभर हे जीव सूर्यप्रकाश साठवीत पुष्ट होतात. दिवस कलू लागला की दुभंगून एकाचे दोन होतात. आणि रात्री त्यांना खाणारे जीव व त्यांना मारणारे विषाणू आपले काम करतात. सकाळी मोजावे तर संख्या जवळजवळ काल होती तेवढीच. संध्याकाळी स्नानसंस्कार, रात्री दफनविधी, आणि वहीतला एकूण आकडा जसाच्या तसा! मी हे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. स्थिर दिसणारी वस्ती म्हणजे निजलेली वस्ती नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मला कुठल्या ग्रंथाने सांगितले नव्हते.

आता प्रश्न असा की हे मोजायचे कशासाठी? केवळ कुतूहल म्हटले तरी मला ते पुरेसे वाटते. पण कारण त्याहून निकडीचे आहे. समुद्र उद्या कसा असेल हे सांगायचे तर समुद्राची प्रतिकृती करावी लागते. ही प्रतिकृती लाकडामातीची नव्हे, गणिताची. तिला शास्त्रज्ञ मॉडेल म्हणतात. आपण प्रतिमान म्हणू. महासागराचे चौकोनी पेट्यांत विभाजन करायचे. प्रत्येक पेटीत पाणी किती उबदार, वारा कुठला, प्रवाह कुठे जातो, नत्र किती, लोह किती, हे मांडायचे; मग त्यात जीव सोडायचे आणि संगणकाला वर्षांमागून वर्षे चालवायला सांगायचे. गॉर्डन रायली या शास्त्रज्ञाने १९४६ सालीच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जॉर्जेस बँक या मासेमारीच्या भागासाठी, संगणकाविना, हातांनी अशी आकडेमोड केली होती. पुढे संगणक मोठे झाले, पण जीवांची मांडणी दीर्घकाळ मोघमच राहिली. 'वनस्पती' नावाचा एक खाना, त्यांना खाणारे 'प्राणी' नावाचा दुसरा. म्हणजे पुन्हा आमचा 'नऊशे कुटुंबे' हा मुका आकडा!

२००७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मिक फॉलोज, स्टेफनी डटकिविझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळा मार्ग चोखाळला. या मंडळींत पेनी चिझमही होत्या. कोणता जीव कुठे राहावा हे त्यांनी ठरविलेच नाही. ७८ प्रकारचे काल्पनिक वनस्पतिप्लवक त्यांनी संगणकातल्या महासागरात पेरले. त्यांचे गुणधर्म बरेचसे चिठ्ठ्या टाकून ठरविले. एकाला ऊब मानवते, दुसऱ्याला सावली. एक थोडक्यात भागवितो, दुसरा उधळ्या. मग त्यांना स्पर्धेला सोडून दिले. काही वर्षांनंतर संगणकातल्या समुद्रात वस्त्या आपोआप ठरल्या. उष्ण कटिबंधातल्या उपाशी निळ्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकससारखे काटकसरी जीव टिकले. थंड, वादळी, अन्नाने समृद्ध पाण्यात मोठ्या डायाटमसारख्यांनी बस्तान बसविले. खऱ्या समुद्रात जसे आहे तसेच. या प्रकल्पाला त्यांनी डार्विनचे नाव दिले आहे. माझ्या काही वाचकांच्या कपाळाला त्या नावाने अजूनही आठी पडते हे मला ठाऊक आहे. ती पडण्याचे कारण नाही.

कोण कुठे राहतो याला एवढे महत्त्व का, हे सांगायला मला आमच्या सुकवणीच्या ओटल्यांपेक्षा चांगले उदाहरण सापडत नाही. बोंबील जवळा खातो. जवळा पाण्यातले बारीक जीव आणि डायाटमसारखे प्लवक खातो. म्हणजे सूर्यप्रकाशापासून आपल्या ताटापर्यंतचा जिना दोन-तीन पायऱ्यांचा. प्रत्येक पायरीवर जे खाल्ले जाते त्याचा साधारण दहावा हिस्सा पुढे पोचतो. बाकीचे जगण्यातच खर्च होते. पण शेत डायाटमांचे नसून प्रोक्लोरोकॉकसचे असेल तर जिन्याच्या पायऱ्या वाढतात. इतक्या बारीक जीवाला जवळा धरू शकत नाही. त्याला आधी एकपेशीय भक्षक खातो, त्याला दुसरा, मग केव्हातरी कोळंबीच्या तोंडाशी घास येतो. शिवाय पेशी फुटल्या की त्यांचा रस पाण्यात मिसळतो आणि जीवाणू तो पिऊन पुन्हा वर आणतात. लाहोरात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे फारूक आझम यांनी सहकाऱ्यांसह १९८३ साली या फेऱ्याचे वर्णन केले तेव्हापासून तो 'सूक्ष्मजीवांचा फेरा' म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा दोन समुद्रांत शेती सारखीच पिकली तरी एकात मासळी भरपूर आणि दुसऱ्यात विरळ असू शकते. पीक किती, यापेक्षा पीक कोणाचे, याने जाळ्याचे वजन ठरते.

म्हणूनच नोंदवही आणि प्रतिमान यांचे लग्न लावण्याचा खटाटोप चालला आहे. न्यूयॉर्कच्या सायमन्स फाउंडेशनच्या आधाराने २०१७ साली फॉलोज यांच्या नेतृत्वाखाली 'सीबायोम्स' नावाचा सहयोग सुरू झाला. मोजणारे, संख्याशास्त्र जाणणारे, उपग्रहांची चित्रे वाचणारे आणि प्रतिमाने रचणारे यांनी एका टेबलाशी बसावे हा त्यामागचा हेतू. ज्यांनी एखाद्या संस्थेत हिशेबनीस आणि स्वप्नाळू अध्यक्ष यांना एकत्र बसविण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना या कामाची अवघडता कळेल.

आणि टेबलाशी बसल्यावर धक्केही बसतात. बहुतेक प्रतिमानांचा अंदाज असा होता की समुद्र तापला तर प्रोक्लोरोकॉकसचे राज्य वाढेल. तर्क बिनतोड होता. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन खालच्या थंड, अन्नयुक्त पाण्यावर झाकणासारखे बसते. वर उपासमार होते. उपासमारीत सर्वांत काटकसरी जीव तगतो. पण वॉशिंग्टन विद्यापीठात व्हर्जिनिया आर्मब्रस्ट यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एक यंत्र जहाजांवर बसवून, जहाज चालत असतानाच पाण्यातल्या पेशी मोजण्याचे काम दहा वर्षे चालले होते. नव्वदच्या सुमारास सफरी आणि सुमारे ८०० अब्ज पेशी. फ्रान्स्वा रिबाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा निष्कर्ष २०२५ च्या सप्टेंबरात मांडला. पाणी २८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत प्रोक्लोरोकॉकसची वाढ जोमाने होते; त्यापलीकडे ती झपाट्याने ढासळते. ज्या काटकसरीने तो तगला तीच इथे आड येते, असा त्यांचा कयास आहे. अनेक प्रकारांत जेमतेम दोन हजार जनुके. अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवलेले काहीच नाही. तापमानवाढ अशीच अनिर्बंध राहिली तर शतकाच्या अखेरीस उष्ण कटिबंधातले त्याचे उत्पादन जवळपास निम्म्यावर येईल असे त्यांचे प्रतिमान सांगते. उन्हाला सरावलेले एखादे दुर्मीळ वाण आपल्या मोजणीतून सुटले असणे शक्य आहे, असेही त्यांनी प्रामाणिकपणे म्हटले आहे. मला त्या संशोधनातले हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटले.

एक ज्येष्ठ धर्मगुरू मित्र माझ्या या छंदाची थट्टा करतात. संत अगस्तीन आणि शिंपल्याने समुद्र उपसू पाहणारे मूल यांची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे. "तुझे शास्त्रज्ञ म्हणजे तेच मूल," असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. ते मूल समुद्र खड्ड्यात ओतू पाहत होते. हे लोक बाटलीभर पाणी घेतात, त्यातले जीव मोजतात, आणि समुद्र जिथल्या तिथे राहू देतात. समुद्र आपल्या मापात बसत नाही हे त्यांना किनाऱ्यावरून दिलेल्या प्रवचनाशिवाय कळते. प्रतिमानाचा अंदाज चुकला की ते मुकाट्याने नवी बाटली भरायला निघतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, सृष्टीचा गाडा चालायला बुरशी, शेवाळे, किडे आणि असंख्य सूक्ष्मजीवही लागतात, असे आवर्जून नमूद केले आहे. पोपांच्या लेखणीत सूक्ष्मजीवांना जागा मिळाली याचा माझ्या भाचीला झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

हवाई आणि सारगासो दूर आहेत. आपल्या अरबी समुद्राचे काय? त्याची नोंदवही ठेवणारे घर गोव्यात दोना पावला येथे आहे. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. अरबी समुद्र हा स्वभावाने अवघड समुद्र आहे. मोसमी वारे त्याला वर्षातून दोनदा घुसळतात. वर पीक उदंड येते. ते मरून खाली जाते तेव्हा ते कुजविणारे जीवाणू प्राणवायू संपवितात, आणि साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा एक थर तयार होतो की तिथे मासळीला श्वास घेता येऊ नये. २००० साली या संस्थेतील वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पावसाळ्यात व त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायूची अशीच टंचाई पडते आणि ती तीव्र होत आहे. गंमत अशी की त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी अरबी समुद्रातल्या त्या प्राणवायूहीन, अंधुक थराच्या माथ्यावर एक अनपेक्षित रहिवासी नोंदविला. तो प्रोक्लोरोकॉकसच होता, सावलीला सरावलेल्या जातीचा.

वरच्या पाण्यातही वस्ती पालटते आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात पूर्वी डायाटमांचे पीक येई. या शतकाच्या आरंभापासून तिथे नॉक्टिल्युका नावाचा, डोळ्यांना टिपक्याएवढा दिसणारा जीव फोफावू लागला. हेल्गा दो रोझारिओ गोम्स आणि जोआकीम गोस हे मूळचे गोव्याच्या संस्थेतले शास्त्रज्ञ आता अमेरिकेत असतात. त्यांनी २०१४ साली त्याचा संबंध प्राणवायूच्या टंचाईशी जोडला. नॉक्टिल्युकाला खाणारे थोडे. जेलीफिशसारखे जीव त्याच्यावर पोसतात, आणि त्यांना ताटात कोणी घेत नाही. रात्री निळा उजेड देणारा जीव तो हाच. जुहूपासून कोकणापर्यंत किनाऱ्यावर लाटा चमकल्या की शहरातली मंडळी मोबाइल घेऊन धावतात. आमच्या गावातल्या जुन्या माणसांना त्या उजेडाचे कौतुक नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. आमची जाळी हलकी होत आहेत, याचे सारे खापर अदृश्य जीवांवर फोडणे सोयीचे ठरेल. बारीक आसाची जाळी, रात्रीचे एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी, मोठ्या ट्रॉलरची खरवड, खाड्यांतून येणारे शहरांचे सांडपाणी, ही कारणे डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे मालक नावानिशी ठाऊक असतात. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाने त्यांची सुटका होत नाही.

गेल्या शिमग्याच्या सुमारास गावातले एक वयस्क तांडेल कार्यालयात येऊन बसले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "फादर, मुलगा नवी बोट बांधायची म्हणतो. कर्ज फेडायला बारा वर्षे लागतील. तुम्ही समुद्राचे एवढे वाचता; बारा वर्षांनी दर्यात काही राहील का?" प्रश्न सरळ होता. त्यांच्या मुलाचे लग्न मीच लावले होते, आणि त्याची दोन लेकरे आमच्याच शाळेत आहेत.

मी भाचीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फादरमामा, त्यांना हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका." संगणकातल्या जागतिक समुद्राची एकेक पेटी कित्येकदा एक अंश रुंद असते, म्हणजे सुमारे एकशे दहा किलोमीटर. वसईपासून डहाणूच्या पुढेपर्यंतचा किनारा एका पेटीत मावतो. तिच्यात आमच्या खाड्या नाहीत, गाळ नाही, भरती-ओहोटीवर टांगलेले डोलजाळे नाही. शिवाय २८ अंशांचा तो निष्कर्ष मोकळ्या निळ्या पाण्याचा. आमच्या गढूळ किनाऱ्यावर प्रोक्लोरोकॉकसचे फारसे चालत नाही. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून ठराविक ठिकाणी पाणी तपासले जाते. तसे प्रत्येक तालुक्यासमोर वीस वर्षे झाले असते तर काही सांगता आले असते. "तुमच्याकडे कोणी जुन्या नोंदी ठेवल्या आहेत का?" तिने विचारले.

तांडेलांनी ठेवल्या होत्या. तिथीवार, उधाण-भांगाच्या हिशेबाने, कोणत्या वावात जाळे लावले, बोंबील किती टोपल्या, जवळा किती, पाण्याचा रंग कसा. तीसेक वर्षांच्या वह्या ट्रंकेत होत्या. त्या द्याव्यात असे मी सुचविताच त्यांचा चेहरा बदलला. त्याच पानांवर कोणाकडून किती उचल घेतली, कोणाचे किती देणे बाकी, हेही लिहिलेले होते. घरच्यांनाही त्यांनी ती पाने दाखविलेली नाहीत. चार दिवसांनी सकाळच्या मिस्सेनंतर ते पिशवी घेऊन आले. तीत दोन वह्या होत्या, सर्वांत जुन्या. त्यांतली देणेकरी माणसे आता हयात नाहीत म्हणाले. बाकीच्यांचे बघू.

बोटीचे अजून ठरलेले नाही. भाचीने वह्यांची पाने एकेक करून छायाचित्रांत उतरविली आहेत आणि तांडेलांचे अक्षर लावण्यासाठी ती मला दर रविवारी संध्याकाळी फोन करते.